चंद्राच्या मागे बारा रात्री

२०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस संध्याकाळच्या आकाशात शनी, शुक्र, गुरू आणि मंगळ हे चारही ग्रह एकाच वेळी नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. २९ जानेवारीला अमावास्या होती. त्यामुळे पुढच्या दोन आठवड्यांच्या आत चंद्र या प्रत्येकाच्या शेजारून जाणार होता आणि वाटेत कृत्तिकांचा तारकागुच्छही त्याला भेटणार होता. चंद्र आणि ग्रहांच्या युतीचे फोटो मी याआधी अनेकदा काढले होते, पण दर वेळी त्या एका रात्रीपुरतेच. या वेळी रजा घेतली आणि ३१ जानेवारी ते ११ फेब्रुवारी अशा सलग बारा रात्री त्याच्या मागे राहायचे ठरवले. सोबत दोघे होते. एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सर म्हणतो आणि जे कॅमेरा न वापरता गेली अनेक वर्षे पेन्सिलीने आकाशाची रेखाटने करतात. आणि दुसरा एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ज्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगली लेन्स होती.

३१ जानेवारी : जलाशयाचा काठ

पहिल्या मुक्कामासाठी पश्चिम क्षितिज पूर्ण मोकळे असलेली जागा हवी होती, कारण अमावास्येनंतर दोनच दिवसांची कोर सूर्यामागोमाग मावळते. मोठ्या जलाशयाचा पूर्वेकडचा काठ त्यासाठी योग्य ठरला. पोहोचल्यावर लक्षात आले की कॅमेरा तिपाईवर बसवण्याची पट्टी मागेच राहिली आहे. सरांनी काही न बोलता एका कापडी पिशवीत काठावरची वाळू भरली, तिचे तोंड बांधले आणि ती एका सपाट दगडावर ठेवून दिली. त्या पिशवीवर टेकवलेला कॅमेरा इतका स्थिर राहिला की पहिल्या दोन रात्रींचे सगळे फोटो मी तसेच काढले.

कोर जेमतेम पाच टक्के उजळलेली होती आणि शनी तिच्या वर, हाताची मूठ लांब धरल्यावर तिची जेवढी रुंदी दिसते तेवढ्या अंतरावर होता. (लांब धरलेली मूठ साधारण दहा अंश आणि करंगळी एक अंश हे माप या छंदात रोज उपयोगी पडते, चंद्राचे बिंब अर्ध्याच अंशाचे असते, हे करंगळीने ते सहज झाकून पाहिल्याशिवाय पटत नाही.) प्रकाश उतरत गेला तसा कोरीच्या आतला अंधारा भागही राखाडी, किंचित निळसर दिसू लागला. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पडतो, तिथून चंद्रावर जातो आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यांत येतो. या पृथ्वीप्रकाशाचे योग्य कारण लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या आरंभी आपल्या टिपणांत लिहून ठेवले होते. आमच्या त्या संध्याकाळी चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाला आपली पृथ्वी जवळजवळ पूर्ण बिंबाची दिसली असती, असे सर म्हणाले. त्यानंतर बराच वेळ आम्ही कोणीच बोललो नाही.

१ फेब्रुवारी : एका ओळीत तिघे

संध्याकाळी पाणी इतके शांत होते की शुक्राचे प्रतिबिंबही एका जागी ठरलेले होते. खाली शनी, वर शुक्र आणि दोघांच्या जवळजवळ मधोमध बारा टक्के उजळलेला चंद्र, अशी तिघांची तिरपी ओळ जलाशयावर उभी होती. सरांच्या टेलिस्कोपमधून शुक्र पाहिला तेव्हा तोही कोरीच्या आकाराचा होता. "दोन्ही कोरींची पोटे एकाच दिशेला आहेत, बघा," सर विद्यार्थ्याला म्हणाले, "सूर्य मावळला असला तरी तो कुठे आहे हे दोघेही दाखवताहेत." शनीची कडी मात्र एखाद्या बारीक सुईसारखी झाली होती, कारण २३ मार्चला पृथ्वी त्या कड्यांच्या पातळीतून जाणार होती आणि ती आपल्याला कडेनेच दिसत होती.

फोटोच्या दृष्टीने ही रात्र अवघड गेली आणि त्यातूनच मला या प्रवासाचा धागा सापडला. कोरीचा उजळ भाग नीट यावा म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, लेन्सचे छिद्र एफ ८ आणि शटर १/४० सेकंद ठेवले, तर कोर सुरेख आली, पण शनी आलाच नाही. आयएसओ ८००, एफ ४ आणि एक सेकंद केल्यावर पृथ्वीप्रकाश आणि शनी दोन्ही उमटले, तर कोरीचा पांढरा डाग झाला आणि शुक्र फुगून बसला. शुक्र सूर्याच्या जवळ आहे आणि त्याचे ढग सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परतवतात. शनी सूर्यापासून पृथ्वीच्या साडेनऊ पट दूर आहे, म्हणजे त्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर आपल्या तुलनेत सुमारे नव्वदावा हिस्सा प्रकाश पडतो. शटर किती वेळ उघडे ठेवावे लागते, यावरून कोण सूर्यापासून किती लांब आहे याचा ढोबळ अंदाज येत होता. त्या रात्रीपासून वहीत चंद्राच्या प्रत्येक सोबत्यापुढे त्याला लागलेला वेळ लिहायला सुरुवात केली.

कोवळ्या कोरीचे फोटो काढताना पूर्ण काळोखाची वाट पाहू नये. सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या ते पाऊण तासात आकाश गडद निळे असते, उजळ भाग आणि पृथ्वीप्रकाश यांतला फरक कॅमेऱ्याला झेपतो आणि क्षितिजावरची झाडे किंवा पाणीही चौकटीत घेता येते. मॅन्युअल फोकस चंद्राच्या कडेवर लावावा, तिपाईवर असताना लेन्समधली कंपन रोखणारी सोय बंद करावी, आणि बोटाचा धक्का टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर वापरावा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात साठवलेला फोटो नंतर सावरण्यास पुष्कळ वाव देतो. सूर्य पूर्ण मावळण्यापूर्वी मात्र कोर शोधण्यासाठी दुर्बीण फिरवू नये. डोळ्यांना होणारी इजा कायमची असते.

२ ते ५ फेब्रुवारी : डोंगरावर

दोन तारखेला ढग आले आणि तीनला आम्ही जलाशय सोडून डोंगरावरच्या पठारावर गेलो. चार तारखेला चंद्राजवळ ठळक असे कोणीच नव्हते. गुरू त्याच दिवशी आपली वक्री (ताऱ्यांमधून पश्चिमेकडे भासणारी उलटी) गती संपवून पुन्हा पूर्वेकडे वळत होता, पण ते एका रात्रीत दिसणारे नव्हे.

पाच तारखेला चंद्र अर्धा झाला. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर विवरांच्या सावल्या सर्वांत लांब पडतात, म्हणून टेलिस्कोपमधून चंद्र पाहण्यासाठी पौर्णिमेपेक्षा हाच काळ कितीतरी चांगला. मुक्कामाची देखभाल करणाऱ्या गृहस्थांची दहा-अकरा वर्षांची मुलगी तिथे आली आणि टेलिस्कोपला डोळा लावून विचारती झाली, "काका, हे खड्डे रोज असेच दिसतात?" सावली रोज पुढे सरकते, त्यामुळे आज दिसणारे काही खड्डे उद्या पुसट होतील आणि नवे दिसू लागतील, असे सांगितल्यावर ती दुसऱ्या दिवसापासून रोज येऊ लागली. कृत्तिका त्या रात्री चंद्राच्या पूर्वेला आठ-नऊ अंशांवर होत्या. उद्या तो त्यांना ओलांडून गेलेला असेल, असे सरांनी तिला सांगितले, तेव्हा तिने वहीत एक गोल आणि त्याच्या डावीकडे ठिपक्यांचा झुबका काढून ठेवला.

६ फेब्रुवारी : कृत्तिका आणि गुरू यांच्यामध्ये

ही रात्र मी सर्वांत जास्त जपून ठेवीन. अंधार पडला तेव्हा चंद्र जवळजवळ माथ्यावर होता, सुमारे दोन-तृतीयांश उजळलेला. त्याच्या एका बाजूला चार-पाच अंशांवर कृत्तिका, दुसऱ्या बाजूला त्याहून थोड्या जास्त अंतरावर गुरू, आणि गुरूच्या खाली रोहिणीचा नारिंगी तारा व त्याच्याभोवतीचा व्ही आकाराचा विरळ गुच्छ. मुलीने वही उघडली, कालचा झुबका आज चंद्राच्या उजवीकडे गेला आहे हे पाहिले आणि वडिलांना हाक मारून बोलावून आणले. चंद्र दिवसाला सुमारे तेरा अंश पूर्वेकडे सरकतो, हे मी शाळेपासून वाचत आलो होतो. ते दोन ठिपक्यांच्या चित्रांतून इतके सरळ समोर येईल असे वाटले नव्हते.

नुसत्या डोळ्यांनी कृत्तिका चंद्रप्रकाशात पुसट झाल्या होत्या, पण दुर्बिणीतून चंद्र चौकटीबाहेर ठेवला की गुच्छ लख्ख उमटत असे. सरांनी वीस-बावीस तारे मोजून कागदावर मांडले. १६१० मध्ये गॅलिलिओने आपल्या छोट्या दुर्बिणीतून या सहा-सात ताऱ्यांच्या जागी आणखी छत्तीस तारे नोंदवले होते आणि त्याच पुस्तकात गुरूच्या चार चंद्रांची बातमीही दिली होती. ते दोन्ही विषय त्या रात्री एका मुठीहून थोड्या जास्त अंतरात होते. चंद्रावरून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत सव्वा सेकंदाहून थोड्या अधिक वेळात येतो, गुरूवरून त्या रात्री त्याला सदतीस-अडतीस मिनिटे लागत होती आणि कृत्तिकांवरून सुमारे चारशे चाळीस वर्षे.

कृत्तिका क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाच्या, चार अंश उत्तरेला आहेत आणि चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी पाच अंशांचा कोन करते. हा कलता मार्ग १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे काही वर्षे चंद्र कृत्तिकांच्या खालून दूर जातो आणि काही वर्षे थेट त्यांच्यावरून. २०२३ पासून २०२९ पर्यंत असाच अनुकूल काळ आहे; दर महिन्याला पृथ्वीवर कुठून ना कुठून चंद्र या गुच्छातले तारे झाकताना दिसू शकतो. ज्यांना असे पिधान (चंद्राने तारा झाकणे) पाहायचे असेल त्यांनी ही वर्षे वाया घालवू नयेत. चंद्राला वातावरण नसल्यामुळे त्याच्या अंधाऱ्या कडेशी आलेला तारा मंद होत जात नाही, एका क्षणात नाहीसा होतो, आणि तो क्षण कितीही वेळा पाहिला तरी दचकायला होते.

विद्यार्थ्याची १३५ मिलिमीटरची लेन्स मोठ्या सेन्सरच्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्यावर साधारण पंधरा अंश बाय दहा अंश आकाश टिपते. कृत्तिका आणि गुरू एकमेकांपासून सुमारे बारा अंशांवर असल्याने तिघेही एका चौकटीत मावले. चंद्रासाठी १/२५० सेकंद आणि ताऱ्यांसाठी एक पूर्ण सेकंद, म्हणजे अडीचशे पटींचा फरक. एक सेकंदाच्या फोटोत गुरूसारखाच एक तेजस्वी ठिपका चंद्राच्या विरुद्ध बाजूला दिसला आणि विद्यार्थी आनंदाने ओरडला. आम्ही नकाशा पाहिला, तिथे काहीच नव्हते. चौकटीच्या मध्याच्या एका बाजूला चंद्र आणि बरोबर विरुद्ध बाजूला तेवढ्याच अंतरावर तो ठिपका, हे लक्षात आल्यावर कारण कळले: लेन्सपुढचा संरक्षक फिल्टर आणि आतली काच यांच्यामध्ये उसळलेले चंद्राचेच प्रतिबिंब. फिल्टर काढल्यावर ते गेले. तेजस्वी चंद्रासोबत फोटो काढताना पुढचा फिल्टर काढून ठेवावा आणि शंका आली तर कॅमेरा थोडा वळवून पुन्हा एक फोटो घ्यावा. खरा तारा इतर ताऱ्यांमध्ये आपली जागा सोडत नाही, प्रतिबिंब सोडते.

दोन वेगळ्या वेळांचे फोटो संगणकावर एकत्र करावेत की नाही, यावर आमचा बराच वाद झाला. माझे मत असे की डोळा जे एकाच वेळी पाहतो ते कॅमेऱ्याला एका फोटोत जमत नाही, म्हणून एकाच जागेवरून, एकाच लेन्सने, लागोपाठ काढलेले दोन फोटो जोडणे प्रामाणिक आहे, पण तसे फोटोखाली लिहिले पाहिजे. चंद्र मोठा करून किंवा दुसऱ्या रात्रीचा आणून बसवणे मात्र मला मान्य नाही. या सगळ्या प्रसंगाचे महत्त्व अंतरांत आहे, आणि अंतरच बदलले तर फोटोला काही अर्थ उरत नाही.

७ आणि ८ फेब्रुवारी : दव आणि खळे

सातला गुरू चंद्राच्या मागे पडला होता. मध्यरात्रीच्या आधीच लेन्सवर दव साचले आणि पुढचे चाळीस फोटो धूसर आले. लेन्सच्या तोंडाशी बॅटरीवर चालणारी गरम पट्टी गुंडाळली तर दव धरत नाही. दव पडल्यानंतर काच पुसून काही साधत नाही, ती लगेच पुन्हा ओली होते. दुसरी बॅटरी अंगाजवळच्या खिशात उबेत ठेवावी.

आठला उंच, पातळ ढगांचा पडदा आला. आम्ही सामान आवरायला घेतले होते, तेवढ्यात मुलीने वर बोट दाखवले. चंद्राला मोठे खळे पडले होते. ढगातल्या षट्कोनी बर्फकणांतून वळलेल्या प्रकाशाचे हे कडे चंद्रापासून बावीस अंशांवर असते, म्हणून ते आकाशाचा मोठा भाग व्यापते. मंगळ कड्याच्या आत होता आणि गुरू कड्याच्या रेषेजवळ. जसजसा चंद्र पुढे जात होता तसतसे खळे त्याच्यासोबत सरकत गुरूला गाठत होते. लांब लेन्सचा इथे काहीच उपयोग नव्हता. मोबाइल दगडावर उलटा टेकवून काढलेला फोटोच त्या रात्रीचा उत्तम फोटो ठरला. ढग दिसताच सामान गुंडाळू नये, ही शिकवण मी त्या मुलीकडून घेतली.

९ फेब्रुवारी : मंगळ

जानेवारीच्या मध्यात मंगळ पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येऊन गेला होता, त्यामुळे तो अजूनही ठळक होता आणि पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ त्याचा नारिंगी रंग लगेच ओळखू येत होता. रात्री आठच्या सुमारास आमच्या जागेवरून चंद्र त्याच्यापासून अंदाजे अडीच अंशांवर होता. दर अर्ध्या तासाने एकाच लेन्सने फोटो घ्यायचा आणि पडद्यावर अंतर मोजायचे, असे ठरवले. दहा वाजता ते दोन अंशांच्या आत आले, मध्यरात्री सव्वा अंशाच्या आसपास, आणि दोन वाजता जेमतेम एक अंश, म्हणजे दोन चंद्रबिंबांएवढे.

चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश, स्वतःच्या बिंबाएवढा, सरकतो असे सांगितले जाते, पण आमच्या नोंदींत वेग त्याहून कमी येत होता. सरांनी याचे कारण समजावून सांगितले: पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपल्यालाही पूर्वेकडे नेते, चंद्रही पूर्वेकडेच जात असतो, आणि तो माथ्याजवळ असताना आपल्या हालचालीमुळे त्याची चाल मंद भासते. पाहणाऱ्याची जागा बदलली की चंद्राचे स्थान जवळजवळ दोन अंशांपर्यंत बदलू शकते. दूरच्या ग्रहताऱ्यांचे तसे होत नाही. म्हणूनच स्टेलारियमसारख्या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे ठिकाण नीट भरल्याशिवाय युतीच्या वेळांवर भरवसा ठेवू नये. तिकडे पिधान असेल तेव्हा इकडे नुसती जवळीक असते.

या रात्री माझ्या वहीतला हिशेब पूर्ण झाला. ६०० मिलिमीटरच्या लेन्सने चंद्र सेन्सरवर सुमारे साडेपाच मिलिमीटरचा उमटतो. फोकल लांबीला ११० ने भागले की बिंबाचा आकार मिळतो. त्याच चौकटीत मंगळ, तेरा विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), इवलासा पण स्पष्ट गोल. आणि विशेष म्हणजे दोघांना एकच वेळ पुरली. मंगळ सूर्यापासून पृथ्वीच्या दीडपट अंतरावर आहे आणि त्याचा पृष्ठभाग चंद्राच्या काळपट मातीपेक्षा काहीसा उजळ आहे, म्हणून दोघांची पृष्ठभागाची चमक फारशी वेगळी पडत नाही. शनीसाठी सेकंद लागला होता, इथे चंद्राच्या १/५०० सेकंदातच मंगळ आला. कोणताही फोटो न जोडता, एका झटक्यात, राखाडी चंद्र आणि नारिंगी मंगळ शेजारी शेजारी. नव्याने सुरुवात करणाऱ्याने चंद्र आणि मंगळ यांच्या जवळिकेपासूनच सुरुवात करावी, असे मी यापुढे सर्वांना सांगेन, तारकागुच्छ नंतर.

विद्यार्थी दोन वाजेपर्यंत जागा होता. मुलगी अकरालाच झोपली होती, पण सकाळी उठल्या उठल्या तिने विचारले, "काका, गाठला का त्याने मंगळाला?"

१० आणि ११ फेब्रुवारी : पुष्याजवळ

दहाला पूर्ण ढग होते. अकराला आकाश स्वच्छ झाले, पण पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती आणि चंद्र इतका प्रखर होता की पठारावरच्या गवताच्या पात्यांच्या सावल्या दिसत होत्या. तो पुष्य नक्षत्रातल्या मेसिए ४४ या गुच्छाला नुकताच मागे टाकून पाच-सहा अंश पुढे गेला होता. सुमारे सहाशे प्रकाशवर्षांवरचा हा गुच्छ काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना धुक्याच्या ठिपक्यासारखा दिसतो. त्या रात्री तिथे काहीच दिसत नव्हते. दुर्बिणीतून सात-आठ तारे कसेबसे सुटे झाले, आणि फोटोत एक सेकंदात आकाशच राखाडी झाले. तारकागुच्छासोबत चंद्र टिपायचा असेल तर चंद्र पंचवीस टक्क्यांहून कमी उजळलेला असलेली रात्र निवडावी. मेसिए ४४ साठी ती संधी जून-जुलैच्या संध्याकाळी किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे येते, कारण तेव्हाच कोवळी किंवा उतरती कोर त्या भागात असते.

सरांनी तरीही वही काढली. पानाच्या वरच्या बाजूला चंद्राचा गोल आखला, त्यावरचे डाग भरले, खाली तारीख आणि वेळ लिहिली. गुच्छाच्या जागी त्यांनी फक्त एक हलके वर्तुळ काढले आणि ते मोकळे ठेवले. मुलीने विचारले, "आजोबा, इथे काही नाही का?" सर म्हणाले, "आहे ना. आज दिसत नाहीये. जूनमध्ये भरू," आणि त्या वर्तुळाशेजारी बारीक अक्षरात 'जून' असे लिहून त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.